लिंबू पडलं तरी पळ!

गणपती बसले की आपल्या अंबडच्या गल्ल्यांमधून मंडळांच्या स्पर्धा सुरू होतात. रांगोळी, संगीत खुर्ची आणि पोरांच्या सगळ्यात आवडीच्या म्हणजे शर्यती. लिंबू-चमचा, पोत्यांची, तीन पायांची. बक्षीस काय, तर कंपासपेटी नाहीतर स्टीलचा डबा! तरी आठवडाभर पोरं तोंडात चमचा धरून अंगणभर फिरत असतात.

तीन पायांची शर्यत कधी नीट बघितलीय? एकाचा उजवा आणि दुसऱ्याचा डावा पाय रुमालानं बांधला, की गल्लीतला सगळ्यात वेगवान मुलगासुद्धा चार पावलांत तोंडावर पडतो. कारण तो जोडीदाराला ओढत असतो. पुढे जाते ती जोडी, जी निघण्याआधीच ‘बांधलेला पाय आधी टाकायचा’ हे ठरवते आणि ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत राहते. दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवायला कोणत्या शिकवणीत शिकवतात, सांगा बरं! लिंबाला हळूच लावलेलं बोट पंचांना दिसत नाही, पण शेजारच्या पोराला बरोबर दिसतं. मग दुसऱ्या दिवशी त्याला कुणी खेळायला घेत नाही!

खरी अडचण दोरीबाहेर उभ्या असलेल्या आपली. "अगं पळ की, तिच्याकडं काय बघतीस?" म्हणून ओरडणारी आई, आणि पोरगं रडत आलं की "पंचांनीच घोळ केला" म्हणणारे बाबा. अशानं हरण्यातून जे शिकायचं, तेच राहून जातं. पोत्यात लांब उडी मारली की तोल जातो, हे पडल्यावरच कळतं. दहा मिनिटं रडू द्यावं, पुढच्या फेरीला ते आपणच रांगेत उभं राहतं.

आपल्याच मराठवाड्यातला अविनाश साबळे बघा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा मुलगा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण हुकलं ते अवघ्या ५ शतांश सेकंदांनी! पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं ते मिळवलं.

आणि मुली? पाचवी-सहावीपर्यंत त्या पोरांच्या पुढे पळतात. आठवीत गेल्या की "आता बरं दिसत नाही" म्हणून आपणच त्यांना रांगोळीकडे वळवतो. रांगोळी छानच हो, पण पळायची हौस असलेल्या पोरीला काठावर का बसवायचं? साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. माण म्हणजे आपल्यासारखाच दुष्काळी मुलुख.

यंदा मंडळाची पोरं नावं लिहून घ्यायला दारात आली, की "ती आता मोठी झाली" असं परस्पर सांगू नका. तिला बाहेर बोलवा, आणि कोणत्या शर्यतीत नाव द्यायचं ते तिलाच विचारा.