चारशे चव्वेचाळिसावा मणी

पालघर जिल्ह्यात एखाद्या मुलाचं पोट फुगलं की पहिला संशय हिवतापावर जातो. दुसरा सिकलसेलवर आणि तिसरा कुपोषणावर. जुनी माणसं मात्र रोगाचं नाव न घेता ‘पाणथरी वाढली’ एवढंच म्हणतात. पाणथरी म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांखाली दडलेला मुठीएवढा अवयव. हे संशय बहुतेक वेळा खरेच ठरतात. म्हणूनच चौथं काही कारण असू शकेल, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात, गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत, मी सव्वीस वर्षं काढली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी रिअ‍ॅक्टरवर काम करणारा एक ऑपरेटर जाडजूड फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याचा मुलगा सात वर्षांचा. तीन वर्षं हिवतापाच्या गोळ्या झाल्या होत्या, लोहाची औषधं झाली होती, दोनदा रक्त चढवून झालं होतं. सिकलसेलची तपासणी निर्दोष आली होती. शेवटी कुणीतरी अस्थिमज्जा तपासायला सांगितली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली चुरगळलेल्या पातळ कागदासारख्या दिसणाऱ्या फुगीर पेशी सापडल्या. अहवालात शब्द होता ‘गोशे’. उपचार आहे, पण औषध बाहेरून येतं आणि जन्मभर घ्यावं लागतं, असं त्याला सांगण्यात आलं होतं.

“मॅडम, आपल्याकडे एवढ्या बॅचा निघतात. हे औषध का नाही निघत?” त्यानं विचारलं.

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. पुढची दोन वर्षं वाचन केलं, ते या प्रश्नासाठी.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत लयकारिका नावाच्या बारीक पिशव्या असतात. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दूव्ह यांनी १९५५ मध्ये त्यांना नाव दिलं. १९७४ च्या नोबेल पुरस्कारात या कामाचा वाटा होता. लयकारिका म्हणजे पेशीची मोडीत काढण्याची जागा. आतलं वातावरण आम्लधर्मी, पेशीच्या इतर भागापेक्षा शंभरपटीहून अधिक. जुनी, झिजलेली द्रव्यं इथे येतात आणि पन्नासहून अधिक विकरं त्यांचे तुकडे करतात. प्रत्येक विकराचं काम ठरलेलं. एक गैरहजर राहिलं तर त्याचं काम दुसरं करत नाही. त्याचा माल साचत जातो.

गोशे रोगात गैरहजर असतं ते ग्लुकोसेरेब्रोसिडेज. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झाली की पाणथरीतल्या भक्षक पेशी तिला गिळतात. तिच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्यांपासून ग्लुकोसिलसेरामाइड नावाचा पदार्थ उरतो. त्याला चिकटलेला साखरेचा एक रेणू तोडणं, एवढंच या विकराचं काम. ते झालं नाही तर भक्षक पेशी फुगतात, पाणथरी आणि यकृत वाढतं, हाडं दुखतात, रक्त कमी होतं. फिलिप गोशे या फ्रेंच डॉक्टरनं १८८२ मध्ये असा रुग्ण पाहिला तेव्हा त्याला ही पाणथरीची गाठ वाटली होती. खरी उणीव कुठे आहे हे अमेरिकेत रॉस्को ब्रॅडी यांच्या गटानं दाखवलं, ते १९६० च्या दशकाच्या मध्यावर.

पण विकर गैरहजर का राहतं? इथे त्याची रचना पाहावी लागते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. या विकराच्या माळेत ४९७ मणी आहेत. पेशीत माळ ओवली जाते आणि लगेच स्वतःभोवती घडी घालू लागते. घडी बरोबर पडली तरच विकर कामाचं. ही घडी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून विकराचे स्फटिक बनवून त्यांवर क्ष-किरण सोडतात आणि किरण कसे विखुरतात त्यावरून अणूंच्या जागा काढतात. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये ही रचना प्रसिद्ध केली. तिचा बारकावा दोन अँगस्ट्रॉमचा होता. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

या घडीचे तीन भाग दिसले. सर्वांत मोठा भाग पिंपासारखा: आत आठ पट्ट्यांचं कडं, बाहेर आठ मळसूत्रं. पिंपाच्या तोंडाशी एक खोबण, आणि तिच्यात समोरासमोर बसलेली ग्लुटामिक आम्लं, २३५ वा आणि ३४० वा मणी. साखरेचा बंध तोडणारी कात्री ती हीच. उरलेले दोन भाग बाजूला, वरकरणी निरुद्योगी.

आता रोग्यांच्या जनुकांत सापडणारे बदल या नकाशावर मांडा. सारे कात्रीच्या आसपास दाटलेले असतील अशी माझी अपेक्षा होती. तसं नाही. ते सगळीकडे विखुरलेले आहेत. भारतीय रुग्णांत सर्वाधिक आढळणारा बदल आहे ४४४ व्या मण्यात. तिथे ल्युसिनऐवजी प्रोलिन येतं. ही जागा खोबणीपासून दूर, बाजूच्या भागाच्या गाभ्यात आहे. कात्रीला धक्काही लागलेला नाही! पण प्रोलिन हा ताठ मणी. तो गाभ्यात आला की घडी डळमळते. पेशीतही एक गुणवत्ता तपासणी असते. घडी बिघडलेलं प्रथिन तिथे पकडलं जातं आणि लयकारिकेकडे रवाना न होता नष्ट केलं जातं.

हे वाचताना मी क्षणभर थांबले. नमुना मानकात बसला नाही की बॅच नाकारायची, हेच मी सव्वीस वर्षं केलं होतं. फरक एवढाच, की इथे नाकारलेला माल कदाचित थोडंफार काम करू शकला असता.

त्या मुलाला हा बदल दोन्हीकडून आला होता. आई आणि वडील दोघंही वाहक. एक जनुक बिघडलेलं, दुसरं चांगलं, म्हणून दोघंही निरोगी. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. “माझ्याच पोटात काही दोष होता का?” असं त्याच्या आईनं मला विचारलं होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र सोपं होतं, आणि ते मी तिला कागदावर चौकट आखून दिलं. गुजरातच्या रुग्णांत टे-सॅक्स या अशाच दुसऱ्या लयकारिका-रोगाचा एक ठरावीक बदल वारंवार सापडतो. जिथे पिढ्यानपिढ्या लग्नं जातीतल्या जातीत होतात, तिथे एखाद्या पूर्वजाचा बदल असा पुन्हा पुन्हा समोरासमोर येतो. दोष कुणाचाच नसतो.

आता त्याच्या प्रश्नाकडे. पॅरासिटामॉलचं रेणुभार १५१. या विकराचं साठ हजारांच्या आसपास, वर साखरेच्या फांद्या. असा रेणू आपल्या रिअ‍ॅक्टरमध्ये शिजवता येत नाही. तो जिवंत पेशींकडूनच बनवून घ्यावा लागतो. १९९१ मध्ये पहिलं औषध आलं ते प्रसूतीनंतरच्या वारेतून काढलेलं. भक्षक पेशी मॅनोज ही साखर ओळखून माल आत घेतात, म्हणून विकराच्या फांद्या छाटून मॅनोज उघडा करण्याची युक्ती ब्रॅडींच्या गटानं काढली होती. १९९४ पासून तेच विकर चिनी हॅमस्टरच्या पेशींत बनू लागलं. पुढे गाजराच्या पेशींतही.

हिशेब असा. नेहमीची मात्रा किलोमागे ६० युनिट, दर दोन आठवड्यांनी. वीस किलोच्या मुलाला १,२०० युनिट, म्हणजे ४०० युनिटच्या तीन कुप्या, वर्षाला ७८. मूल चाळीस किलोचं झालं की १५६. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात गोशेचा समावेश आहे. २०२२ पासून ठरावीक केंद्रांत, ज्यांत मुंबईचं केईएम आहे, एका रुग्णासाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मदत एकदाची, औषध जन्माचं. मूल वाढतं तसा खर्च वाढतो, रक्कम वाढत नाही.

आणि पैशानं न सुटणारी एक गोष्ट आहे. शिरेतून दिलेलं विकर मेंदूत पोचत नाही. ४४४ चा बदल दोन्हीकडून आला असेल तर मेंदूला झळ पोचण्याचा धोका मोठा. तिची सुरुवातीची खूण डोळ्यांत दिसते: नजर आडवी झटकन फिरत नाही, म्हणून मूल डोळ्यांऐवजी मान झटकून पाहतं. एकदा बोईसर स्थानकावर ते तिघं परळला निघालेले भेटले. समोरून मालगाडी गेली. मुलगा एकेक डबा मान झटकून मोजत होता. मी त्याच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं.

शेवटचा धागा मला अनपेक्षितपणे माझ्याच टेबलावर आणून सोडतो. विकराची घडीच डळमळते, तर ती सावरून धरणारा एखादा छोटा रेणू असेल का? कॅनडातल्या संशोधकांनी हाताशी असलेली शेकडो औषधं तपासली आणि २००९ मध्ये एक नाव पुढे आलं: अंब्रोक्सॉल. खोकल्याच्या सिरपमधलं, गावोगावच्या औषध दुकानांत मिळणारं. पेशीच्या उदासीन वातावरणात ते विकराला धरून ठेवतं आणि लयकारिकेच्या आम्लात सोडून देतं. ते मेंदूतही पोचतं. २०१६ मध्ये जपानमध्ये मेंदूला झळ लागलेल्या पाच गोशे रुग्णांवरचा छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि त्यात आशा दिसली. मात्रा सिरपच्या कितीतरी पट, अभ्यास अजून चालूच. डॉक्टरांवाचून कुणी बाटली उघडू नये. याच विकराच्या जनुकातले बदल पार्किन्सनचा धोका वाढवतात हे कळल्यापासून त्या रोगातही अंब्रोक्सॉल तपासलं जात आहे.

अंब्रोक्सॉलचे नमुने मी स्वतः तपासले आहेत. पांढरी भुकटी, द्रावणांक, शुद्धता, सही, शिक्का. ती कुठे जाणार याचा विचार कधी केला नव्हता.

त्या ऑपरेटरला मी हे सगळं सांगितलं, अखेरच्या ‘अजून सिद्ध नाही’सकट. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे आपल्याकडे काहीतरी निघतं.”

“काहीतरी निघतं,” मी म्हटलं. त्याहून जास्त म्हणायचा अधिकार आज तरी माझ्याकडे नाही.