नौकेच्या पितळी नळीचा क्षय

लहान मोटरनौकेच्या मागील भिंतीत, अगदी तळाजवळ, एक आरपार छिद्र असते. नौका किनाऱ्यावर ओढून घेतली म्हणजे आत साचलेले पावसाचे व लाटांचे पाणी त्या वाटेने निघून जाते. नौका पाण्यात असताना त्याला बूच लावलेले असते. जुन्या नौकांत ह्या छिद्राला बहुधा पातळ पत्र्याची पितळी नळी बसविलेली आढळते. तिची दोन्ही टोके भिंतीवर उलटवून चपटी केलेली असतात. ही नळी म्हणजे केवळ पाणी जाण्याची वाट होय, अशी पुष्कळांची समजूत असते. पण पाणी जाण्यास नुसते छिद्रही पुरे झाले असते. नळीचे खरे काम निराळेच आहे.

ते समजण्यासाठी अशा नौकेची घडण पाहिली पाहिजे. अमेरिकेत १९५८ साली रिचर्ड फिशर ह्यांची ‘बॉस्टन व्हेलर’ ही सुमारे १३ फूट लांबीची नौका विक्रीस आली. काचतंतूंची दोन कवचे आणि त्यांच्या मधल्या पोकळीत भरलेला पॉलियुरेथेनचा घट्ट झालेला फेस, अशी तिची रचना होती. १९६१ साली ‘लाइफ’ ह्या नियतकालिकात तिची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यांत करवतीने नौकेचे दोन तुकडे केलेले दिसतात, आणि तरीही ती बुडत नाही! अशा नौकांच्या मागील भिंतीत, काचतंतूंच्या थरांमध्ये, प्लायवुड घातलेले असते. कारण जड यंत्राचा सारा भार व रेटा त्याच भिंतीवर येतो. पाणी जाण्याचे छिद्र नेमके हे लाकूड भेदून जाते. म्हणजे पाणी आणि लाकूड ह्यांच्यामध्ये ती पातळ नळी तेवढी उभी असते. ती झिरपू लागली की लाकूड आतल्या आत कुजू लागते, फेस हळूहळू पाणी धरतो, आणि बाहेरचे कवच मात्र पूर्वीइतकेच गुळगुळीत दिसते.

पितळ गंजत नाही, असे आपण ऐकत आलो आहो. लोखंडासारखे ते गंजत नाही, हे खरे. परंतु पितळ हे तांबे व जस्त ह्यांचे मिश्रण असून ह्या दोहोंत जस्त फारच क्रियाशील आहे. खाऱ्या पाण्याच्या दीर्घ सहवासात जस्त विरघळून जाते आणि मागे तांब्याची सच्छिद्र जाळी उरते. ह्या क्रियेस ‘जस्तक्षय’ म्हणता येईल. घरातले पितळेचे भांडे आंबट पदार्थात फार वेळ राहिल्यास त्यावर गुलाबी डाग उठतात. तेथे असाच प्रकार अल्प प्रमाणात घडलेला असतो. यातील फसवी गोष्ट अशी की, नळीचा आकार व जाडी जवळजवळ तशीच राहते. बळ मात्र नाहीसे होते. म्हणून नळीचा पिवळा रंग जाऊन तांबूस छटा दिसू लागली, किंवा पेचकसाच्या टोकाने दाबताच कड तुटली, तर नळी बदलण्याची वेळ आली असे समजावे.

जुनी नळी काढताना तिच्यावर बाहेरून घाव घालू नयेत. त्याने छिद्राच्या कडेचे काचतंतू फुटतात. एका बाजूची वळलेली कड कानशीने घासून काढावी, करवतीच्या पात्याने नळीला आतून लांबीच्या दिशेने चीर पाडावी आणि चिमट्याने तिच्या बाजू आत दुमडून ती ओढून घ्यावी. पाते लाकडात खोल जाऊ देऊ नये.

यानंतरचा टप्पा कंटाळवाणा, आणि म्हणूनच बहुधा टाळला जाणारा आहे. उघड्या पडलेल्या लाकडाची टोचून परीक्षा करावी. ते नुसते ओले असेल तर पूर्ण वाळेपर्यंत थांबावे, मग त्यास कित्येक आठवडे लागोत. कुजलेला भाग कोरून काढून तेथे दाट केलेले इपॉक्सी भरावे व पुन्हा योग्य मापाचे छिद्र पाडावे. निरोगी लाकडाच्या कडांनाही पातळ इपॉक्सी पाजावे. हे केले असता पुढेमागे नवी नळी खराब झाली तरी लाकडाला दुसरे संरक्षण राहते. ओल्या लाकडावर नवी नळी बसविणे म्हणजे रोग आत कोंडून दार लावणे होय.

नवी नळी त्याच व्यासाची व भिंतीच्या जाडीपेक्षा काही मिलिमीटर लांब घ्यावी. लांबी फार ठेवल्यास वळविताना कड फाटते; फार कमी ठेवल्यास पकडच येत नाही. पितळ कडक वाटले तर टोक मंद लाल होईपर्यंत तापवून थंड होऊ द्यावे, म्हणजे ते मऊ पडते. मात्र हे काम नळी नौकेपासून दूर असतानाच करावे. नळीला जलरोधक लुकण लावून, बाहेरच्या कडेखाली रबरी कडे घालून ती आत सरकवावी, आणि कड वळविण्याच्या खास हत्याराने तिचे मोकळे टोक सावकाश उलटवावे. गोल डोक्याच्या हातोडीनेही हे साधते, पण त्या वेळी दुसऱ्या टोकास भक्कम आधार दिला पाहिजे. कडेला बारीकशी जरी चीर गेली तरी ती नळी टाकून द्यावी.

ज्या पितळात किंचित आर्सेनिक मिसळलेले असते त्यात जस्तक्षय बराच मंदावतो. अशी नळी मिळाल्यास उत्तमच. काही नौकामालक प्लास्टिकची नळी पसंत करतात. तिला क्षार बाधत नाहीत, परंतु उन्हाने काही प्रकारचे प्लास्टिक ठिसूळ होते. नळी कोणतीही असो, लुकण घट्ट झाल्यावर बूच लावून नौकेत थोडे पाणी ओतावे व काही तास बाहेरच्या कडेखाली कोरडा कागद धरून ठेवावा.