सांबा आणि सिद्दींची धमाल

पुणेकरांना मलिक अंबर परका नाही. मालोजीराजे भोसले ज्या निजामशाहीचे सरदार होते, तिचा हा हबशी कारभारी. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याच्याप्रमाणे समुद्र ओलांडून पश्चिम भारतात आलेल्या, बहुतेकदा आणल्या गेलेल्या, आफ्रिकी लोकांचे वंशज म्हणजे सिद्दी. आपल्याला ते जंजिऱ्यामुळे माहीत. त्यांचे संगीत मात्र फारसे माहीत नाही.

गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे. तिथे सिद्दी 'धमाल' किंवा 'गोमा' करतात. मुगरमान हा उभा ढोल घुमतो, एकाने म्हटलेली ओळ बाकीचे उचलतात. मलुंगा हे त्यांचे खास वाद्य: धनुष्य, त्याला एक तार आणि खाली भोपळा.

ब्राझीलमधल्या सांबा या संगीत-नृत्याची घडणही अशीच, आफ्रिकेतून आणलेल्या लोकांकडून. बाहिया प्रांतात गुलामांनी, विशेषतः अंगोला-काँगोकडच्या, रिंगण, टाळ्या, ढोल आणि सवाल-जवाबी गाणे जपले. तिथले बेरिंबाऊ हेही मलुंग्यासारखे भोपळ्याचे धनुष्यच. ते कापोएरा या युद्धनृत्याला साथ करते. १८८८मध्ये गुलामगिरी संपली. रिओत स्थिरावलेल्या बाहियाच्या स्त्रियांच्या, त्यातही तिया सिआताच्या, घरी मैफली रंगू लागल्या. १९१७च्या कार्निव्हलमध्ये तबकडीवरचे 'पेलो तेलेफोने' हे सांबा-गीत गाजले. पुढे रेडिओने त्याला राष्ट्रीय संगीत केले. धमाल मुख्यतः दर्ग्याच्या उरुसाशी जोडलेली राहिली, म्हणून ती जगाला कमी ऐकू आली.