'एम', 'सी' आणि एक जागल्या

मंडळाच्या वाचनालयात झुंजार आणि जेम्स बाँड हातोहात जातात, हे आमच्या सभासदांना सांगायला नको. बाँडचा वरिष्ठ 'एम' सर्वांच्या ओळखीचा. पण हेरखात्याच्या प्रमुखाला एका अक्षराने हाक मारण्याची पद्धत इयान फ्लेमिंगची कल्पना नव्हे. ब्रिटिश गुप्तहेर संस्थेचे पहिले प्रमुख मॅन्सफील्ड कमिंग हिरव्या शाईने 'सी' अशी सही करीत. त्यांच्यानंतरचे प्रमुखही 'सी'च म्हणवले जातात.

हे उघड लिहिणाऱ्याला मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली. कॉम्प्टन मॅकेन्झी हे कादंबरीकार पहिल्या महायुद्धात अथेन्समध्ये हेरगिरीचे काम पाहत. १९३२ साली त्यांनी 'ग्रीक मेमरीज' या आठवणींत 'सी' म्हणजे कमिंग, हे छापले. पासपोर्टचे कार्यालय हा हेरांचा आडोसा असतो, हेही सांगून टाकले. कमिंग १९२३ मध्येच वारले होते, म्हणजे गुपित राखायचे ते कोणासाठी? तरी पुस्तक मागे घ्यावे लागले आणि गोपनीयता कायद्याखाली १०० पौंड दंड झाला. मॅकेन्झींनी लगेच हेरखात्याची टर उडवणारी कादंबरी लिहून उट्टे काढले! मूळ पुस्तक न कापता बाजारात यायला २०११ साल उजाडले.

फ्लेमिंग यांच्यावरही खटला झाला, पण वेगळ्या कारणाने. 'थंडरबॉल' (१९६१) ज्या पटकथेवरून लिहिली, ती केविन मॅक्लोरी आणि जॅक व्हिटिंगहॅम यांच्यासोबत रचलेली होती. पुस्तकावर त्या दोघांची नावे नव्हती. १९६३ मध्ये तडजोड झाली, तेव्हा पुढच्या आवृत्त्यांत ती आली.

मॅकेन्झींचे १०० पौंडांवर निभावले. आपल्याकडच्या सत्येंद्र दुबे यांचे तसे झाले नाही. आयआयटी कानपूरचे हे अभियंते सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर होते. कामातील गैरव्यवहार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवला आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे गोळी घालून त्यांचा खून झाला. २०१० मध्ये शिक्षा झाल्या त्या लुटारूंना, लुटीसाठी केलेला खून म्हणून. कुटुंबीयांना ते पटले नाही.

गावाची रात्री राखण करणाऱ्याला आपण जागल्या म्हणत असू. हाच शब्द मराठी वर्तमानपत्रांनी अशा माणसांसाठी उचलला, आणि तो आम्हाला फार नेमका वाटतो. दुबे यांच्या खुनानंतर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली, तेव्हा २००४ साली केंद्र सरकारने तक्रारदाराचे नाव गुप्त राखण्याची जबाबदारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिली. पुढे जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, २०१४ मध्ये त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. तो लागू करण्याची अधिसूचना मात्र अजून निघालेली नाही.