कृत्तिका किती दिसतात?

कांहीं वर्षांपूर्वीं डिसेंबर महिन्यांत आम्हीं आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस एक सोपा गृहपाठ दिला होता. रात्रीं आठ वाजतां घराच्या गच्चीवर किंवा अंगणांत जावें, पूर्वेच्या आकाशांत बरेंच वर कृत्तिकांचा झुबका शोधावा, आणि त्यांत किती तारे दिसतात तें मोजून वहींत लिहावें, एवढेंच काम होतें. दुसरे दिवशीं वह्या तपासतां जवळजवळ प्रत्येक वहींत ‘सहा’ हा आंकडा आढळला. आम्हांस मोठें समाधान वाटलें. पण तें फार वेळ टिकलें नाहीं. मागच्या बाकावरील एका मुलानें ‘तीन’ असें लिहिलें होतें, आणि जणूं कांहीं अपराध घडला अशा मुद्रेनें तो खालीं मान घालून उभा होता. आम्हीं इतरांस विचारलें, “तुम्हीं खरोखर मोजले काय?” वर्ग गप्प राहिला. आदले दिवशीं फळ्यावर आम्हींच कृत्तिकांचे सहा तारे काढून दाखविले होते. मुलांनीं आकाशाऐवजीं फळा पाहून उत्तर लिहिलें होतें!

त्या रात्रीं आम्ही स्वतः डोंबिवलींतील आमच्या गच्चीवर गेलों व मोजूं लागलों. तीनच तारे दिसले. चौथा कधीं असे, कधीं नसे. कित्येक वर्षें आम्ही ‘सहा’ असें शिकवीत आलों होतों, परंतु या गांवांतून ते एकदांहि मोजले नव्हते. त्या दिवशीं वर्गांत खरें उत्तर एकाचेंच होतें.

मग उरलेले तारे गेले कोठें? ते कोठेंहि गेलेले नाहींत. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील रस्ते, इमारती व दुकानें यांच्या दिव्यांचा बराचसा प्रकाश जमिनीवर न पडतां वर जातो. हवेंतील धूळ, धूर व बाष्प यांच्या कणांवर आदळून तो चोहोंकडे पसरतो, आणि त्यामुळें सारें आकाशच फिकट उजळतें. अशा आकाशांत मंद तारे बुडून जातात व ठळक तेवढे उरतात. कृत्तिकांतील एक तारा बऱ्यापैकीं तेजस्वी असून बाकीचे उतरत्या क्रमानें मंद आहेत. म्हणून आकाशाची परीक्षा करावयास त्यांच्यासारखी सोपी कसोटी नाहीं. अंधाऱ्या ठिकाणीं सामान्य दृष्टीस सहा दिसतात. तीक्ष्ण दृष्टीस त्याहूनहि अधिक.

ही गोष्ट मुलांस प्रत्यक्ष दाखवावी म्हणून पुढील महिन्यांत अमावास्येच्या सुमारास पालकांच्या साहाय्यानें आम्ही कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन वांगणीस गेलों. बदलापुराच्या पुढें कर्जतच्या मार्गावरील हें लहानसें स्थानक आकाश पाहणारांच्या चांगल्या परिचयाचें आहे. हॅलेचा धूमकेतु १९८६ सालीं परत आला, त्या सुमारास मुंबईंत खगोल मंडळ ही हौशी निरीक्षकांची संस्था उभी राहिली. तिचे रात्रभर चालणारे आकाशदर्शनाचे कार्यक्रम येथें होत आले आहेत. दिवे मालवून आम्ही अर्धा तास अंधारांत बसलों, कारण डोळ्यांस अंधाराची संवय होण्यास तेवढा वेळ लागतोच. त्यानंतर मुलें मोजूं लागलीं. ‘तीन’ लिहिणारा तो मुलगा पुष्कळ वेळ मान वर करून उभा होता. शेवटीं त्यानें वहींत लिहिलें, “सहा. सातवा असावासा वाटला, नक्की नाहीं.” आम्हीं त्याखालीं सही केली. दुरुस्त करण्याजोगें त्यांत कांहींच नव्हतें.

कोणी म्हणेल, एक तारा कमी कीं अधिक, यांत एवढें काय आहे? त्याचें उत्तर आकाशानेंच दिलें आहे. मृग नक्षत्राच्या चार कोंपऱ्यांपैकीं एका कोंपऱ्यांत काक्षी नांवाचा लालसर तारा आहे. पुस्तकांत त्याची गणना अत्यंत तेजस्वी ताऱ्यांत केलेली असते. परंतु २०१९ च्या अखेरीस तो मंद होऊं लागला, आणि फेब्रुवारी २०२० मध्यें त्याचें तेज नेहमींच्या सुमारें एकतृतीयांशावर आलें. एरवीं जो रोहिणीहून किंचित् अधिक तेजस्वी दिसावयाचा, तो तिच्यापुढें अगदींच फिका दिसूं लागला. ताऱ्यानें बाहेर टाकलेला वायु थंड होऊन त्याची धूळ बनली व ती आपल्या दृष्टीआड आली, असें पुढें संशोधकांनीं दाखविलें. या घडामोडींत जगांतील कित्येक हौशी निरीक्षकांच्या नोंदी उपयोगीं पडल्या. हा बदल डोंबिवलीच्या गच्चीवरूनहि साध्या डोळ्यांनीं दिसण्यासारखा होता. मात्र ज्यानें पुस्तक पाहून ‘काक्षी, अति तेजस्वी’ असें लिहिलें असेल, त्याला तो मुळींच दिसला नसेल.

अशा नोंदींची योग्यता जाणणारा एक मनुष्य बंगालमध्यें जेसोर येथें होऊन गेला. राधागोविंद चंद्र हे शालेय प्रवेशपरीक्षेंत वारंवार नापास झाले आणि सरकारी खजिन्यांत नाणीं पारखण्याची नोकरी करूं लागले. १९१८ सालीं गरुड तारकासमूहांत एकाएकीं उजळलेला नवतारा त्यांनीं स्वतंत्रपणें पाहिला. तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या ३७,००० हून अधिक नोंदी त्यांनीं अमेरिकेंतील निरीक्षकांच्या संस्थेकडे पाठविल्या. दिवसा नाणें खरें कीं खोटें हें पाहावें, आणि रात्रीं तीच पारख ताऱ्यांपुढें चालवावी, असा त्यांचा क्रम होता. आपल्या महाराष्ट्रांतहि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शाळामास्तरच होते. रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें व पुणें येथें शिकवीत असतांना त्यांनीं या शास्त्राचा व्यासंग केला, आणि सामान्य वाचकांस आकाशाची गोडी लागावी म्हणून ‘ज्योतिर्विलास’ हें पुस्तक मराठींत लिहिलें. पुढें १९४४ सालीं पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हा वारसा आपल्या इतका जवळचा आहे.

आतां शहरांतून काय पाहावें, तें सांगतों. हात ताठ पुढें धरून मूठ वळली असतां तिची रुंदी आकाशांत सुमारें १० अंश भरते. उत्तरेस तोंड करून क्षितिजापासून वर दोन मुठींना थोडें कमी इतकें मोजा. तेथें ध्रुव असेल. ध्रुवाची उंची आपल्या गांवाच्या अक्षांशाएवढी असते, व आपण १९ अंशांवर राहतों. श्रीनगरच्या मुलांस त्याकरितां तीन मुठींहून अधिक मोजावें लागेल. मग फेब्रुवारींत रात्रीं नऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेकडे वळा. जवळजवळ तितक्याच उंचीवर अगस्ति हा तारा दिसेल. व्याधाखालोखाल रात्रीच्या आकाशांतील हाच सर्वांत तेजस्वी तारा होय. तो इतका दक्षिणेस आहे कीं लंडनच्या मुलांस कधींच दिसत नाहीं. आपल्याला मात्र तो शहरांतूनहि दिसतो.

प्रसंगविशेषहि पुष्कळ येतात. २१ डिसेंबर २०२० रोजीं, नाताळच्या चार दिवस आधीं, संध्याकाळीं नैर्ऋत्येस गुरु व शनि एकमेकांच्या इतके निकट आले कीं त्यांच्यामधील अंतर चंद्रबिंबाच्या सुमारें पांचव्या हिश्शाएवढेंच राहिलें. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते, आणि तो योग पाहण्यास दुर्बिणीची गरज नव्हती. दरवर्षीं १३ व १४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीच्या दिशेनें उल्का येतात. त्यांतील ठळक तेवढ्या शहरांतूनहि दिसतात. याउलट २७ जुलै २०१८ च्या मध्यरात्रीनंतर झालेलें खग्रास चंद्रग्रहण या शतकांतील सर्वांत दीर्घ. खग्रास स्थिति १ तास ४३ मिनिटें टिकली. आम्ही मात्र त्या वेळीं गच्चीवर छत्री घेऊन बसलों होतों! वहींत आम्हीं लिहिलें, “ढग. कांहीं दिसलें नाहीं.” ही नोंदहि खरीच आहे, व ती खोडूं नये.

विद्यार्थिमित्रहो, यासाठीं भारी यंत्र घेण्याचा हट्ट वडिलांजवळ धरूं नका. एक वही, एक पेन्सिल आणि लाल कागद लावलेली विजेरी एवढें पुरे. तारीख, वेळ, जागा, आकाशाची स्थिति आणि जें दिसलें तें लिहीत जा. शेजाऱ्यानें काय लिहिलें तें आधीं पाहूं नका. पालकांस आमची विनंति आहे कीं, महिन्यांतून एक रात्र मुलांबरोबर गच्चीवर काढावी, वर्षांतून एकदां त्यांना दिव्यांपासून दूर न्यावें, आणि आपल्या इमारतींतील दिव्यांस वरून झांकण घालून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवावा. रस्ता अधिक उजळेल, व आकाशहि थोडें आपल्याला परत मिळेल.

येत्या हिवाळ्यांत कृत्तिका पुन्हा पूर्वेस वर येतील. या वेळीं आम्ही फळ्यावर कोणताहि आंकडा लिहिणार नाहीं. तीन दिसल्या तर तीन लिहा. एकहि दिसली नाहीं, तर तसें लिहा. आम्ही प्रत्येक वहींखालीं आनंदानें सही करूं.