ज्येष्ठांचा आधार

पेण आणि रोहा परिसरातील भातशेते व खाडीचे पाणी अडवणारी बंदिस्ती मागील पिढ्यांच्या कष्टांतून उभी राहिली. ज्यांनी हे धन मिळवले, त्यांनाच उतारवयात दोन घासांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागावे, याहून मोठा अन्याय कोणता?

असा अन्याय पुष्कळदा घराच्या चार भिंतींआडच घडतो. कोणी वृद्ध मातेचे निवृत्तिवेतन परस्पर काढून घेतो. कोणी गोड बोलून कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घेतो. तर कोणी अखेरपर्यंत सांभाळण्याचे वचन देऊन घर आपल्या नावावर करून घेतो आणि पुढे ते वचन विसरतो. घरची अब्रू चव्हाट्यावर येईल, या भीतीने वृद्ध माणसे मुकाट्याने सोसत राहतात.

अशांना आधार मिळावा, म्हणून संसदेने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा केला. ६० वर्षे वा त्यापुढील नागरिक ज्येष्ठ होय. ज्याचा स्वतःच्या उत्पन्नावर निर्वाह होत नाही, त्याला मुलांकडून निर्वाहाची रक्कम मागता येते. हा अर्ज न्यायाधिकरणापुढे चालतो. उपविभागीय अधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा अधिकारी त्याचा प्रमुख होऊ शकत नाही. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी उपविभागीय अधिकाऱ्यांची कार्यालये आहेत. अर्जदार अशक्त असल्यास त्याने नेमलेली व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते. मुलांना नोटीस पोचल्यापासून साधारणतः ९० दिवसांत निकाल द्यावा, असे बंधन आहे. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मंजूर होऊ शकते.

सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, कपटाने घेतलेली मानली जाते आणि देणाऱ्याच्या इच्छेनुसार तो व्यवहार रद्द ठरवता येतो. मध्य प्रदेशातील एका मातेने मुलाला असेच बक्षीसपत्र करून दिले होते. मुलाने सांभाळले नाही. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द ठरवून मिळकतीचा ताबा तिला परत देण्याचा आदेश दिला. मुलाने दिलेले वचन तेथे लेखी होते. म्हणून सांभाळण्याची अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असणे हिताचे असते. खोटी सही वा धाकदपटशा झाला असेल, तर पोलिसांकडे फिर्याद करण्याचा मार्गही मोकळा असतो.

कायद्याचे दार ठोठावण्याची वेळच न येणे सर्वांत उत्तम. आजोबांच्या वा आजीच्या हाती कोणी कागद दिला, तर अंगठा उठण्यापूर्वी शाळेत जाणाऱ्या नातवंडाने तो मोठ्याने वाचून दाखवावा. एवढ्या लहानशा सेवेनेही कित्येकदा मोठी हानी टळते.