काळजी करणे आणि काळजी घेणे

सिनेमाचे वेड असलेल्या मुलामुलींना घरात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "त्या काळोखात तीन-तीन तास बसून तुम्हाला मिळते तरी काय?" विशीतल्या एका चित्रपटवेड्याने आईवडिलांच्या पिढीला दिलेले हे उत्तर समजावे.

आमच्या जुरोंगचे आणि सिनेमाचे नाते जुने आहे. १९७१ साली कॅथे कंपनीने युआन चिंग रोडवर सिंगापूरचे एकमेव ड्राइव्ह-इन थिएटर सुरू केले. मोटारीत बसून उघड्या आकाशाखाली सिनेमा पाहण्याची ती चैन १९८५ मध्ये संपली. पुढे जुरोंग ईस्ट स्टेशनाजवळ जुरोंग एंटरटेनमेंट सेंटर आले. त्याच्या जागी २०१२ मध्ये जेक्यूब उभे राहिले, त्यात आयमॅक्सचा मोठा पडदा होता. २०२३ मध्ये जेक्यूबही बंद झाले. थिएटरे येतात नि जातात, प्रेक्षक मात्र दुसरे थिएटर शोधतात. पैसे मोजून छातीत धडधड करून घेण्याची ही हौस कशासाठी?

धडधडीचे शास्त्र साधे आहे. संकटाची चाहूल लागली की मेंदू शरीराला सावध करतो, ॲड्रेनलिन स्रवते, नाडी जलद होते, तळहात घामेजतात. थिएटरात हे सगळे होते, पण आपण सुरक्षित आहोत हे मनाला ठाऊक असते आणि शेवटी दिवे लागणार याची खात्री असते. चिंतेच्या विकारात नेमकी हीच खात्री हरवते. समोर वाघ नसतो, तरी शरीर पळायच्या तयारीत राहते. पॅनिक ॲटॅक आला तर काही मिनिटांतच तो शिगेला पोचतो आणि मग ओसरतो; पण तेवढ्या वेळात आपण आता मरणार, असे त्या माणसाला खरोखर वाटते.

गंमत अशी, की प्रेमात पडल्यावरही शरीर जवळजवळ हेच करते. १९७४ साली डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या एका उंच, झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पूल ओलांडणाऱ्या तरुणांना तिथे एक तरुणी भेटे, काही प्रश्न विचारी आणि आपला फोन नंबर देई. शेजारच्या भक्कम पुलावरून आलेल्यांपेक्षा झुलत्या पुलावरच्या तरुणांनी तिला नंतर अधिक संख्येने फोन केले. भीतीची धडधड त्यांनी आकर्षणाच्या खात्यावर जमा केली, असा त्या दोघांनी निष्कर्ष काढला. आपल्या सिनेमावाल्यांना हे प्रयोगाविनाच कळले होते. आधी पाठलाग, मग मिठी! त्यातून आमच्या पिढीने एक धडा गिरवला : योग्य माणूस भेटला की मनातली सगळी भीती पळते. प्रत्यक्षात भीती पळत नाही, उलट "हाही सोडून गेला तर?" अशी नवी भर पडते.

ही गोष्ट सरळ सांगणारा चित्रपट म्हणजे मूळच्या पुण्याच्या गौरी शिंदे यांचा 'डिअर झिंदगी' (२०१६). त्यातली कायरा प्रत्येक नाते, समोरच्याने तोडण्याआधी स्वतःच तोडते. कारण हळूहळू उलगडते. तिच्या लहानपणी आईवडील कामधंद्यासाठी परदेशी गेले आणि तिला आजी-आजोबांकडे ठेवले. वाचकहो, हा प्रसंग आपल्यापैकी काही घरांना परका नाही. आईवडिलांचा हेतू चांगलाच असतो. मुलाच्या मनात मात्र 'मला सोडले' एवढेच उरू शकते.

याच्याही पुढे जातो तो आपला मराठी 'कासव'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटाला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतरचा हा मराठीचा पाचवा मान. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे) भटकत असता जानकीला (इरावती हर्षे) भेटतो. जानकी अमेरिकेहून परतलेली, संसार मोडलेला, स्वतःच चिंतेच्या झटक्यांतून वाट काढणारी. ती त्याला कोकणातल्या घरी आणते. कोण, कुठला, असे का केलेस, अशी उलटतपासणी ती करीत नाही. निवारा देते, जेवू घालते आणि थांबते. समुद्री कासवांसाठी काम करणारे दत्ताभाऊ साकारले आहेत डॉ. मोहन आगाशे यांनी. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हा योगायोग नव्हे. ऑलिव्ह रिडले मादी किनाऱ्यावर शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने झाकते आणि समुद्रात परतते. माणसांनी फक्त राखण करायची. पिल्ले आपल्या पायांनी पाण्याकडे जातात. त्यांना उचलून समुद्रात टाकायचे नसते.

आता शीर्षकाकडे वळू. मराठीत आपण काळजी 'करतो' आणि काळजी 'घेतो'. शब्द एकच, क्रियापद बदलले की अर्थ बदलतो. काळजी करणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या भीतीकडे असते : मार्क कमी पडले तर, लोक काय म्हणतील, याचे कसे होणार? काळजी घेणाऱ्याचे लक्ष समोरच्या माणसाकडे असते. जानकीची स्वतःची चिंता संपलेली नाही, तरीही ती दुसऱ्याची काळजी घेऊ शकते. चिंतेचा पूर्ण नायनाट झाल्यावरच प्रेम करता येते, असे नाही. मला या चित्रपटाने दिलेला दिलासा हाच.

हा विषय घराघरातला आहे. इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत सिंगापूरच्या १५ ते ३५ वयोगटातील ३०.६ टक्के तरुणांनी नैराश्य, चिंता किंवा ताण यांची तीव्र वा अतितीव्र लक्षणे सांगितली. त्यांत चिंतेचे प्रमाण सर्वाधिक होते. आपली हुशार, 'सेटल' होऊ घातलेली मुले या आकड्याबाहेर आहेत असे मानायला काहीच आधार नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा येथे १ जानेवारी २०२० पासून गुन्हा राहिलेला नाही, त्यामुळे कायद्याच्या धाकाने मदत टाळण्याचे कारण उरले नाही. १७७१ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक २०२५ मध्ये सुरू झाला. तो चोवीस तास चालतो. प्रेमाने आधार मिळतो. उपचारांची गरज असेल तर डॉक्टरकडे गेलेच पाहिजे. जानकीसुद्धा उपचार घेतच असते.

तेव्हा मूल गप्प झाले, जेवण टाळू लागले, रात्र-रात्र जागू लागले, तर प्रश्नांची सरबत्ती जरा लांबवावी. एखादा चित्रपट एकत्र पाहावा. शेजारी बसून, नजर पडद्याकडे ठेवून बोलणे समोरासमोर बोलण्यापेक्षा सोपे जाते. पात्राबद्दल बोलता बोलता मूल स्वतःबद्दल बोलू लागेल. लागेलच असे नाही. तरी दुसऱ्या दिवशी "जेवलास का?" एवढे विचारावे आणि उत्तरासाठी थोडे थांबावे.